गप्पी, मळ्या आणि काचेचं तळं

सकाळी अकराच्या सुमारास आमच्या सारसोळ्याच्या खोलीत खिडकीतून उन्हाची एक तिरीप येते आणि दोन फुटी टाकीच्या उजव्या कोपऱ्यावर पडते. तिथे वॅलिसनेरियाची लांब, फितीसारखी पानं आहेत. ऊन पडून पंधरा-वीस मिनिटं झाली की एका पानाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा धरतो. थोडा फुगतो, सुटतो, वर जातो. त्याच जागी दुसरा. मग तिसरा. बघता बघता मण्यांची सरच लागते. पाण्यात प्राणवायू मावेनासा झाला की तो असा पानाबाहेर डोळ्यांना दिसायला लागतो. गप्पीची एखादी मादी लगबगीने येते, खाणं समजून बुडबुड्याला तोंड लावते आणि निघून जाते.

ही सर बघताना मला सारखं वाटायचं, हे आधी कुणाला सुचलं असेल? मासा आणि झाड एकाच भांड्यात ठेवायचं, आणि दोघांनी मिळून पाणी राखायचं. शोध घ्यायला लागले आणि लंडनमधल्या एका रसायनज्ञाच्या भांड्यापासून आपल्या आरोग्य केंद्राच्या सिमेंटच्या हौदापर्यंत जाऊन आले. वाटेत एक गोष्ट पक्की झाली: या सगळ्या इतिहासात काच ही सर्वांत कमी महत्त्वाची वस्तू आहे.

सारसोळे म्हणजे आज नेरुळच्या सेक्टर सहामधलं गावठाण. आजूबाजूला इमारती, पुढे पाम बीच रोड, तो ओलांडला की जेट्टी, तिवरं आणि खाडी. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. त्याआधीचं या पट्ट्याचं आयुष्य खाजणाचं, भाताच्या खाचरांचं आणि जाळ्याचं. अशा गावात मासा ही बघायची वस्तू कशी असेल? निवटी, बोय, कोळंबी, चिंबोरी, जे काही पाण्यातून यायचं ते थेट चुलीकडे जायचं. आमच्या घरी पहिली टाकी आली तेव्हा आजी तिच्यासमोर बसली, डोळे बारीक करून आत पाहिलं आणि म्हणाली, “येवरुसा म्हावरा! याचा कालवन तरी कसा होयाचा?”

पण या मागोव्यातला पहिला दुवा मला तिनेच दिला. तिचं माहेर पेणकडचं. तिकडच्या खारपाटात घरामागे तळं असतं आणि त्यात जिताडा वाढवतात. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून सोडायची, वर्षभर सांभाळायची, जावई आला की जाळं टाकायचं. ती पुढे म्हणाली, विहिरीत तर दोन-चार मासे सोडलेलेच असायचे. ते कुणी खात नसे. पोहरा सोडताना आत वाकून बघायचं, मासा हलताना दिसला की पाणी चांगलं. पाण्यातले किडेही तो खायचा. म्हणजे मासा पाळायचा तो पाण्यासाठी, ही समज आजीच्या घरात काचेच्या कितीतरी आधीची होती.

अशीच दुसरी समज देवाच्या डोहांची. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वर आहे, महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही, लोक त्यांना लाह्या-चुरमुरे टाकतात, आणि मासे माणसाच्या पावलांचा आवाज ओळखून काठाशी येतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाच्या मंदिराचं कुंड आहे. त्या कुंडात बोटाएवढा एक मासा सापडला आणि २०२० मध्ये त्याला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असं शास्त्रीय नाव मिळालं. पुढच्याच वर्षी ती जागा राज्य सरकारने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. इतकी वर्षं तो मासा तिथे टिकून होता, ते कुंड देवाचं होतं म्हणून. आणखी मागे गेलं तर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. मासे कोणते, राहतात कुठे, कुणाला कोणतं खाद्य टाकावं, हे सगळं त्यात आहे. तो गळ टाकण्याचा खेळ आहे हे खरं, पण माशाकडे इतक्या बारकाईने पाहणारा आपल्या बाजूचा माणूस म्हणून मला सोमेश्वर जवळचा वाटतो.

आता भांड्याकडे येऊ. चीनमध्ये सोन्यासारखे मासे हौदांत आणि मातीच्या कुंड्यांत शेकडो वर्षं पाळले जात होते. पण कुंडीतलं पाणी माणसाने बदलायचं असे. भांड्याने स्वतःचं पाणी स्वतः राखायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. जान विलप्रू-पॉवेर या फ्रेंच बाईंनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत समुद्री जीव पाहण्यासाठी काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना बंद काचेत झाडं जगतात हे त्याच काळात कळलं होतं. आणि मग आला रॉबर्ट वॉरिंग्टन. माझ्या दृष्टीने या गोष्टीचा खरा नायक तोच.

वॉरिंग्टन रसायनज्ञ होता. त्याने काय केलं ते नीट सांगते, कारण माझ्या टाकीत रोज तेच चालतं. बारा गॅलनचं भांडं घेतलं, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नासेक लिटरचं. तळाला रेती, दगड. दोन छोटे गोल्डफिश. आणि एक वॅलिसनेरियाचं झुडूप. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडते, मासा तो घेतो. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते. कागदावर हिशेब बरोबर होता. तरीही काही दिवसांत पाणी गढूळ झालं. जुनी पानं कुजत होती आणि काचेवर हिरवा थर चढत होता. त्याने भांडं रिकामं केलं नाही. तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून आत सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, थर खाल्ला, अंडी घातली. त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं माशांनी खाल्ली. पाणी निवळलं. हे निरीक्षण त्याने १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. दोघांचा हिशेब लागत नव्हता, तिसऱ्याने लावला. ती गोगलगाय मला या सगळ्या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मग भराभर झालं. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, काच स्वस्त होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिबागेत मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि त्या शब्दानेच घराघरांत शिरकाव केला.

इथपर्यंतची वंशावळ कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडते. पण त्या टाक्यांमधले मासे आणि झाडं आली कुठून, हे विचारलं की वाट पुन्हा आपल्याकडे वळते.

वॉरिंग्टनच्या प्रयोगाआधी दहा-बारा वर्षं कर्नल विल्यम हेन्री साइक्स या माणसाने दख्खनच्या माशांवर एक निबंध लंडनला वाचला. गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं होतं. शेतसारा, लोकसंख्या, पिकं, हवामान यांची मोजदाद करत तो भीमा, मुळा-मुठेच्या खोऱ्यांत फिरला, आणि फिरता फिरता पक्षी आणि मासेही नोंदवत गेला. त्या निबंधात ४६ जातींचे मासे आहेत. मला त्याचं एका गोष्टीसाठी फार कौतुक वाटतं. कोळ्यांनी जे नाव सांगितलं तेच त्याने कित्येक माशांना शास्त्रीय नाव म्हणून दिलं. मळ्या, शिंगटी, खुद्री, नुकटा, रोहटी. आजही जगातल्या कुठल्याही संग्रहालयात ‘गारा मुल्या’ असं लिहिलेली बरणी दिसली तर त्यातलं दुसरं नाव आपल्या नदीकाठचं आहे. भीमेच्या पात्रात कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या, नाव कुठेही न नोंदलेल्या एखाद्या कोळ्याने उच्चारलेला शब्द लॅटिनमध्ये जाऊन बसला.

हा मळ्या म्हणजे बोटभर लांबीचा, तपकिरी, दिसायला साधा मासा. तोंड खालच्या बाजूला. दगडाला चिकटून शेवाळं खरवडतो. वॉरिंग्टनची गोगलगाय जे काम करते, तेच. माझ्या टाकीत एक आहे. पावसाच्या सुरुवातीला वलगणीचे मासे चढतात तेव्हा कर्जतच्या बाजूला एका ओढ्यात मामेभावाच्या पागोळ्यात आलेल्या पसाभर माशांतून हा एकटा मी मागून घेतला. रात्री दिवा लावला की तो काचेला तोंड चिकटवून असतो आणि ओठांची हालचाल अगदी जवळून दिसते: आधी वरचा ओठ पुढे, मग खालची चकती घट्ट, मग एक सरक. काचेवर त्याच्या मागे बोटाच्या नखाएवढे स्वच्छ ठिपके राहतात.

अशी आपल्याकडची आणखी मंडळी जगभरच्या टाक्यांत आहेत. ज्याच्या कपाळावर चांदीचा ठिपका चमकतो तो पट्ट्यांचा पँचॅक्स, पारदर्शक अंगाचा काचमासा, लालसर रोझी बार्ब. गोव्याच्या बाजूच्या ओढ्यांतल्या एका निळसर बार्बला छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये ‘सेटनाई’ हे नाव दिलं, मुंबई राज्याच्या मत्स्यविभागाचे संचालक डॉ. सेटना यांच्या आठवणीत. यातले छापगर म्हणजे तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर राहिलेले बोमन फ्रामजी छापगर. हा मासा परदेशी टाक्यांत इतका आवडला की आता ओढ्यांतली त्याची संख्याच काळजीची झाली आहे.

झाडांचंही तेच. कासच्या पठारावर भादव्यात जी जांभळी मंजिरी पसरते, तिच्या पोगोस्टेमॉन कुळातली भावंडं आज टाक्या सजवणाऱ्यांची लाडकी आहेत. कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायनी उगवते, ती टाकीत लावायला लोक नर्सरीतून विकत आणतात. आणि हायड्रिला, आपल्या तळ्यांत नको तितकी माजणारी, ती १९५० च्या दशकात टाक्यांच्या धंद्यातून आशियातून फ्लोरिडात गेली आणि तिथले कालवे-सरोवरं तिने भरून टाकली.

पण महाराष्ट्रातल्या सामान्य घरात पहिला पाळीव मासा आला तो शोभेसाठी नव्हे, तापामुळे. ही गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही.

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्यानंतर दर शहरात एकच प्रश्न उभा राहिला: डास वाढतात कुठे? मुंबईत १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या अहवालाने बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर आणि टाक्यांवर. विहिरी बुजवायच्या म्हटलं तर धर्माचा, रोजच्या पाण्याचा, मालकीचा प्रश्न. त्यात मासे सोडणं सोपं होतं. आजीच्या माहेरची रीत इथे सरकारी औषध झाली. त्याच काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दक्षिण अमेरिकेतला एक चिमुकला मासा डासांसाठीच भारतात आणला गेला. १९२८ मध्ये त्याच्या मागोमाग इटलीमार्गे गंबुशिया आला.

त्या चिमुकल्याचं नाव गप्पी. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे नमुने लंडनला पाठवले, म्हणून १८६६ मध्ये त्याचं नाव माशाला दिलं गेलं. पुढे कळलं की १८५९ मध्येच एका जर्मन शास्त्रज्ञाने तो नोंदवला होता. शास्त्रीय नाव बदललं, बोलीतलं राहिलं. आणि मराठीत आल्यावर ते नाव इतकं आपलं झालं की लहानपणी मला वाटायचं, हा मासा सारखी तोंडाची उघडझाप करतो, गप्पा मारतो, म्हणून गप्पी. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं: ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद, वर जाळी, बाजूला पाटी: गप्पी मासे पैदास केंद्र.

मी चौथीत होते तेव्हा आमच्या आळीत फवारणीला आलेल्या एका काकांनी मला पाण्याच्या बाटलीत सहा गप्पी दिले. ‘पिंपात सोड,’ म्हणाले. मी पिंपात सोडले नाहीत. लोणच्याच्या बरणीत ठेवले. महिन्याभराने बरणीत डोळ्यांएवढे ठिपके फिरताना दिसले. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि ती जन्मतःच पोहतात. आई वरून चहाची गाळणी घेऊन आली, पिल्लं आम्ही वेगळी काढली, नाहीतर मोठ्यांनीच खाल्ली असती. आमच्या घरातल्या मत्स्यपालनाची सुरुवात ही अशी.

खरी टाकी त्यानंतर आली. माझा सख्खा काका फिटर. लोखंडी अँगलची चौकट त्याने स्वतः जोडली, काचा लांबीने बसवल्या, वर काळा रंग मारला. अशा चौकटीच्या टाक्यांचा काळ सिलिकॉन सर्वत्र आल्यावर संपला. आता काच काचेलाच चिकटते. काकाची टाकी दर पावसाळ्यात एका कोपऱ्यातून झिरपायची आणि खाली फडकं लागायचं. तरी ती तेरा वर्षं चालली. ती बनवायचं त्याच्या डोक्यात आलं ते तारापोरवाला मत्स्यालय बघून. चर्नी रोडला समुद्राकाठी १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ते उघडलं, आणि मुंबईच्या मुलांच्या दोन पिढ्यांनी जिवंत मासा काचेतून पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. कोळ्यांच्या मुलांनीसुद्धा. मासा वरून, जाळ्यात तडफडताना बघणं आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उभं राहून बघणं यात फरक आहे. काका म्हणायचा, बोय पोहताना इतका देखणा दिसतो हे त्याला चर्नी रोडला जाऊन कळलं. ते मत्स्यालय २०१५ मध्ये नवं करून पुन्हा उघडलं होतं. करोनाच्या टाळेबंदीत बंद झालं ते पुन्हा सुरू झालंच नाही.

काकाच्या टाकीत झाड मात्र नव्हतं. तेव्हा तशीच पद्धत पडली होती. निळी रेती, प्लॅस्टिकची पानं, उघडझाप करणारा शिंपला, मागे समुद्राचं चित्र, हवा सोडणारा पंप. मासे कुर्ल्याच्या बाजारातून, प्लॅस्टिकच्या फुगीर पिशवीत. त्यातले पुष्कळ चेन्नईच्या कोळतूरमध्ये वाढलेले. वॉरिंग्टनने जे झाड लावलं होतं तेच वगळून आपण बाकी सगळं ठेवलं. त्याचा परिणाम मीही भोगला. लग्नानंतर एका दुकानातून काचेचा गोल वाडगा आणि दोन गोल्डफिश आणले. ‘रोज पाणी बदला, बास,’ असं सांगितलं गेलं. मी रोज नळाचं ताजं पाणी भरत होते, म्हणजे रोज क्लोरीन ओतत होते. नवव्या दिवशी दोघेही तळाला होते. माझ्या हातून ते गेले, हे मला अजून बोचतं.

त्यांना काय झालं ते नंतर वाचून समजलं. मासा पाण्यात अमोनिया सोडतो. रेतीवर, दगडावर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन जहाल, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू वसायला काही आठवडे लागतात, आणि वाडगा रोज घासला तर ते कधीच वसत नाहीत. झाड असेल तर ते अमोनिया थेट खातं. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: रेतीखाली साधी माती घाला, झाडं भरपूर लावा, यंत्रं कमी करा. जपानमध्ये ताकाशी अमानोने त्याआधीच टाकीत अख्खी कुरणं आणि डोंगर उभे करून जगाला वेड लावलं होतं. अमानोच्या टाक्या मी डोळे भरून बघते, पण घरात ठेवली ती वॉलस्टॅडबाईंची. तळाला चाळून घेतलेली शेतातली माती आहे, वर दोन बोटं जाड रेती.

पाणी मोरबे धरणाचं, सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, म्हणून ते मऊ. पहिल्या वर्षी गोगलगायींच्या शंखांवर पांढरे चट्टे पडून ते झिजायला लागले. पाण्यात चुना कमी होता. मग रविवारच्या शिवल्यांची टरफलं उकळून, वाळवून, मूठभर एका कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवली. दोन महिन्यांत नव्या शंखांच्या कडा गुळगुळीत आल्या. गप्पीही जास्त तरतरीत दिसायला लागले. खाडीतली टरफलं, खालापूरचं पाणी, कर्जतचा मळ्या, त्रिनिदादचा गप्पी.

गप्पी वाढले की मी ते ओळखीच्यांना देते. नाल्यात, खाडीत, धारण तलावात कधीच सोडत नाही. हे मी ज्याला मासे देते त्याच्याकडून कबूल करून घेते, मग तो माझ्यापेक्षा मोठा असला तरी. टाकीत काच साफ करायला आणलेला सकर मासा हातभर वाढला की लोक कंटाळून तळ्यात सोडतात. आज उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात तो काटेरी मासा येतो, जाळं फाडतो आणि खायच्या कामाचा नसतो. ज्या भीमेच्या खोऱ्यात साइक्सने मळ्याचं नाव लिहून घेतलं, त्याच पाण्यात.

दर रविवारी मी टाकीतलं एक पंचमांश पाणी नळीने काढते. पिवळसर, मातीचा वास असलेलं. ते तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं. नवं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून ठेवलेलं असतं. मळ्या या सगळ्या वेळात दगडामागे दडून बसतो. पाणी भरून झालं, हात पुसले की तो हळूच बाहेर येतो आणि काचेवर पहिला ठिपका स्वच्छ करायला लागतो.